केवळरामचं नख

करडीहून मोहाडीकडे निघालं की एक गाव असं लागतं, जिथं एस.टी. थांबते ती फक्त हात दाखवला तरच. ते आमचं गाव. गावात केवळराम दोन. एक सोसायटीतला अन् एक नखवाला. सोसायटीतल्याचं सांगण्यासारखं काही नाही, भला माणूस आहे.

नखवाल्याचं नख म्हणजे उजव्या अंगठ्याचं. बाकीची नखं तो इतर माणसांसारखी कापायचा, या एकाला मात्र कात्री लावायचा नाही. रुंदीला शिंपल्यासारखं, रंगाला जुन्या कवडीसारखं, टोकाला जरासं आत वाकलेलं. आठवड्यातून एकदा त्याला जवसाचं तेल लागायचं. त्याची बायको गोदावरीबाई म्हणायची, की या माणसाच्या डोक्याला इतकं तेल लागलं असतं तर आज केस असते. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा खालून तिला पहिल्यांदा नवऱ्याचं नखच दिसलं होतं. "वरती पाह्यलं असतं तं काय फरक पडला असता," असंही ती म्हणायची.

ओल्या दोराची गाठ दातानं सुटत नाही, ती या नखानं सुटायची. धान विकायला काढायच्या आधी लोक मूठभर दाणे घेऊन त्याच्याकडे यायचे. तो एक दाणा नखानं चिरायचा, बघायचा आणि म्हणायचा, "आणखी एक ऊन दे." पण ही सगळी वरकड कामं. नख वाढवलं होतं ते गोचिडीसाठी.

गोचीड ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. ढोराच्या कानाच्या मुळाशी, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत, शेपटीखाली ती चिकटते आणि रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगते. केवळराम दोन बोटांत तिला धरायचा, जरा पीळ द्यायचा आणि उपटायचा. मग ती चपट्या दगडावर ठेवून वरून नख दाबायचा. टच्च. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. नंतर तेच नख बनियनला पुसायचा आणि त्याच हातानं सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला बसायचा.

आता गावात बैल राहिले किती? वावरात ट्रॅक्टर फिरतात. पण पोलीस पाटील लक्ष्मणरावांच्या कोठ्यात एक जोडी अजून आहे. मुरल्या आणि पाखऱ्या. ती नांगराला जात नाही, बंडीला जात नाही, वर्षभर तणस खाते आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सगळ्यांत पुढे उभी राहते. मानाची जोडी. या जोडीच्या अंगावर पोळ्याला एकही गोचीड दिसता कामा नये, अशी रीत. म्हणून आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावून शेकायच्या आधी त्यांच्या सगळ्या अंगावरून हात फिरवायचा मान केवळरामच्या घराण्याकडे. जनावरांच्या डॉक्टरनं औषध टोचलं तरी चार-दोन उरतातच, आणि नसल्या उरल्या तरी हात फिरलाच पाहिजे. त्याच्या आज्यानं फिरवला, बापानं फिरवला, आता तो फिरवतो. काम झालं की पाटील सगळ्या गावासमोर त्याच्या हातात नारळ देतात. केवळरामकडे दोन बांद्या धानाच्या आणि हा एक नारळ. त्यातल्या कशाला तो इस्टेट समजतो, हे आम्हाला माहीत होतं.

अशा माणसाची मुलगी अंजू. भंडाऱ्याला कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

त्या वर्षी विद्यापीठाकडून कॉलेजांना विषय आला होता: काँगो ताप, विद्यार्थ्यांना त्याची असलेली माहिती आणि घ्यायची काळजी. हा ताप गोचिडीतून येतो. आपल्या भागात आलेला नव्हता, पण तिकडे गुजरातच्या बाजूला माणसं दगावल्याचं ऐकू येत होतं. अंजूच्या तृप्ती मॅडमनी ठरवलं, गावांना शिकवायच्या आधी आपल्याच पोरांना काय येतं ते बघू. प्रश्न काढले, उत्तरं लिहून घेतली, आणि ती वाचताना त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला म्हणतात. एका पोरानं लिहिलं होतं, की काँगो आफ्रिकेत आहे आणि आमच्या वर्गात कोणाकडेच पासपोर्ट नाही, सबब धोका नाही. दुसऱ्यानं उपाय लिहिला होता, की मच्छरदाणी लावावी आणि साचलेलं पाणी सांडावं. ते त्यानं शाळेत डेंग्यूसाठी पाठ केलं होतं, तेव्हापासून कोणताही रोग आला की तो तेच लिहायचा. एका पोरीनं गोचीड म्हणजे मोठा ढेकूण असं लिहून शेजारी चित्र काढलं होतं. चित्र झुरळाचं होतं.

अंजूच्या खालोखाल चांगली उत्तरं अंकुशची निघाली. अंकुश मोहाडीच्या हातमागवाल्या घरातला. घरात रेशमाचे दोरे, बाहेर डांबरी रस्ता, बैल त्यानं पाहिला तो दुसऱ्याचा आणि लांबून. पण प्रश्नांच्या दिवशी तो अंजूच्या शेजारी बसला होता.

अंजूलाही गोचिडीपुरतंच माहीत होतं, तापाचं नव्हतं. मॅडमनी सांगितलं, की ही गोचीड नुसती चावते एवढंच नाही. उघड्या हातानं चिरडली तर तिच्यातला विषाणू बोटावरच्या चिरेतून, नखाच्या कडेतून आत जातो. बैलाला त्याचं काही होत नाही, बैल धडधाकट दिसतो आणि माणूस तापानं फणफणतो, मग अंगातून रक्त जायला लागतं. त्याच्यावर हमखास लस नाही. हे ऐकून वर्गातल्या बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं कोणास ठाऊक. अंजूच्या डोळ्यांपुढे बापाचा अंगठा आला.

तिनं हात वर केला आणि म्हणाली, मॅडम, आमचं गाव घ्या.

पोळ्याच्या पंधरवड्यात पोरं गावात आली. समाजमंदिरात सभा बोलावली. अंकुश सगळ्यांत पुढे. पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, वरपर्यंत बटणं, पॅन्टचे पाय सॉक्समध्ये खोचलेले, कारण पुस्तकात तसं लिहिलं होतं. दारातच एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "काहून बाबू, इकडं येताना नाला भरला होता का?"

अंकुश बोलायला उभा राहिला. गोचिडी काढताना हातमोजे घालावेत, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावं, पिळू नये, चिरडू नये, काढलेली गोचीड झाकणाच्या बरणीत स्पिरिटमध्ये टाकावी, नंतर साबणानं हात धुवावेत. बोलला चांगला, फक्त छापल्यासारखं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेली बरणी त्यानं वर करून दाखवली तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, की हे मोहफुलाचं आहे का आणि उरलं तर पुढे काय करता.

केवळराम पुढच्या रांगेत बसला होता. इतका वेळ तो गप्प बसला, तेव्हाच आम्हाला शंका यायला पाहिजे होती. त्यानं खिशातून पळसाच्या पानाची पुडी काढली. पुडीतून सकाळीच काढलेली टपोरी गोचीड काढली, अंकुशच्या समोर ओट्याच्या कडेवर ठेवली आणि नख दाबलं.

टच्च.

"हे पाह्य बाबू," तो म्हणाला. "पन्नास वर्षं झाली दाबून राह्यलो. आला का ताप?"

उत्तर द्यायला अंकुश जागेवर नव्हता. एक लाल शिंतोडा त्याच्या पांढऱ्या खिशावर उडाला होता. त्यानं खाली पाहिलं होतं आणि तो सरळ बाहेर चालता झाला होता. आम्ही गेलो तर तो हातपंपाखाली बसला होता, सदऱ्यासकट, आणि एक पोट्टा हौसेनं हापसत होता.

लोक हसले. पण सगळे नाही. लक्ष्मणराव पाटील हसले नाहीत. हा माणूस तसा छातीचा आहे, तंट्याच्या जागी एकटा जाऊन उभा राहतो, फक्त रोगाला भितो. करोनाच्या काळात त्यांनी कोथिंबीर साबणानं धुवून खाल्ली होती. ते उठले, ओट्यापासून चार पावलं मागं सरकले आणि अंजूला विचारलं, की समजा कोणाला हा ताप झाला तर त्याच्यापासून दुसऱ्याला होतो का. अंजू खोटं कशाला बोलेल? ती म्हणाली, हो, आजारी माणसाच्या रक्तापासून होतो.

पाटलांनी तिथंच सांगून टाकलं. यंदापासून माझ्या जोडीला उघडा हात लागणार नाही. मोजे, चिमटा, बरणी. केवळरामला जमलं तर केवळराम, नाही तर इश्वर तयार आहे.

इश्वर खरंच तयार होता. मोबाईलच्या रिचार्जचं दुकान चालवणारा माणूस, हात लोण्यासारखे, उभ्या आयुष्यात त्यानं दावं सोडलं नव्हतं. पण खांदशेकणीचा नारळ घेतानाचा आपला फोटो स्टेटसला लावायचा, ही त्याची जुनी इच्छा होती. तो म्हणाला, "मले मोज्याचं काही वाटत नाई, पाटील. मले तं मोजे घालूनच बरं वाटते."

केवळरामनं त्याच्याकडे पाहिलं. घरी येऊन अंजूला म्हणाला, आण तुझे मोजे.

पातळ रबराचे, दवाखान्यातले मोजे. डावा बसला. उजवा बसताना अंगठ्यापाशी फट् झालं आणि नख बाहेर आलं. दुसरा घातला, तोही गेला. तिसऱ्याला अंजूनं हळूहळू ओढून बसवला, केवळरामनं मूठ वळली आणि नख पुन्हा बाहेर. तो खूश झाला. म्हणाला, देवालाच मंजूर नाही.

"देवाले नाई, नखाले मंजूर नाई," अंजू म्हणाली. "बाबा, नख कापा."

"कोनाचं?"

"तुमचं. मोजे टिकत नाई त्याच्यानं. अन् त्याच्याखाली काय काय साचलं हाय, ते पाह्यलं का कधी?"

"अंजे, हे नख कापलं तं मंग मी कोन? सोसायटीतला केवळराम?"

"जिता केवळराम."

 मग तो मारबतीवर आला. पोळ्याच्या पाडव्याला आपण मारबतीचा पुतळा काढतो, गावातली सगळी रोगराई हाका देत तिच्यासोबत शिवेबाहेर घालवतो, ते काय उगाच? अंजू म्हणाली, मारबत शिवेपर्यंत नेते ते ठीक आहे, पण गोचीड बैलाच्या कानात बसून आहे, तिला हाका ऐकू जात नाहीत. केवळराम म्हणाला, कॉलेजात तुला बापाशी असं बोलायला शिकवतात का. अंजू म्हणाली, हे तर घरीच शिकली.

गोदावरीबाई चुलीपासून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "कापा नं. ज्या नखानं गोचीड फोडता, त्याच नखानं भातातला खडा काढून मले दाखवता. इतके वर्षं मी खडेच खाल्ले, तुमाले बोलावलं नाई."

केवळराम आपल्या कोठ्यात जाऊन बसला.

तिथं त्याला युक्ती सुचली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापला, टोपीसारखा नखावर चढवला आणि त्यावर मोजा घातला. मोजा टिकला. नखही राहिलं, मानही राहिला. तो इतका खूश झाला, की तसाच पाटलांच्या कोठ्यावर जोडीला हात लावून पाहायला गेला.

मुरल्या गरीब. त्यानं मोजा हुंगला आणि रवंथ पुढे सुरू ठेवला. पाखऱ्यानं हुंगला आणि मागच्या पायानं पाण्याची बादली कोठ्याच्या बाहेर पाठवली. रबराचा वास, वरून ती पांढरी पावडर. ज्या हाताखाली तो वासरू असल्यापासून उभा राहिला, तो हात आज दवाखान्यातून आला होता. कोणता बैल उभा राहील?

मग केवळरामनं मोज्यांना वळण लावायला घेतलं. शेणात चोळले, तणशीत घासले, पाखऱ्याच्या घामावर फिरवले. आणि स्वतःच्या हाताला सवय व्हावी म्हणून दिवसभर घालून हिंडायला लागला. मोजे घालून धुऱ्यावरचं गवत कापायचा, मोजे घालून चौकात बसायचा. एकदा मोजे घालून खर्रा घोटला आणि तोंडात टाकल्यावर पाठमोरा होऊन बराच वेळ थुंकत राहिला. पोट्टे मागं लागले. पानठेल्यावरून कोणीतरी विचारलं, "काय गा केवळराम, आज ऑपरेशन कोनाचं हाय?"

"तुह्या जिभेचं," केवळराम म्हणाला. "टाके देत नाई पण."

चिमट्याचा सराव त्यानं हरभऱ्याच्या दाण्यांवर केला. पहिल्या दिवशी दाणे घरभर उडाले. गोदावरीबाई म्हणाली, काठीनं भात खाल्ल्यासारखं दिसतं. अंकुश आला की शेजारी बसून दाखवायचा. त्याला चिमटा छान चालवता यायचा, घरी मागावरचे तुटलेले दोरे उचलून उचलून हात बसला होता. फक्त दाण्याच्या जागी एकदा केवळरामनं खरी गोचीड ठेवली, तेव्हा अंकुश ज्या वेगानं उठला, त्यानं खाट उलटली. केवळराम म्हणाला, बाबू, तू शिकव, पण लांबूनच शिकव.

खांदशेकणीची संध्याकाळ आली. पाटलांच्या आवारात सगळं गाव. लक्ष्मणरावांची म्हातारी आई, जानकीबाई, पानाचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. लोणी-हळद तयार होती. तृप्ती मॅडम आणि कॉलेजची पोरं एका बाजूला, अंजूच्या हातात बरणी, अंकुशच्या हातात मोज्यांचा डबा. आणि खांबाला टेकून इश्वर. त्यानं दुपारपासूनच मोजे घातले होते. फोन धरायला त्यानं पुतण्याला उभं केलं होतं.

केवळराम आला. धोतर वर खोचलेलं, बाह्या मनगटापर्यंत, मोजे चढवलेले. मुरल्यापासून सुरुवात केली. कान उलटला, चाचपला, चिमटा लावला आणि सरळ ओढला. गोचीड आली. आणि इथं सगळ्यांनी पाहिलं, की त्याचा हात बरणीकडे न जाता आपोआप खाली दगडाकडे गेला. पुढच्या रांगेतली पोट्टी आवाजासाठी कान देऊन बसली होती. अंगठा मोज्याच्या आत हलत होता. अंजूनं बरणी पुढे केली. केवळरामनं दगडाकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं आणि गोचीड बरणीत सोडली. काहीच आवाज झाला नाही. भाजीत मीठ नसलं की कसं वाटतं, तसं लोकांना वाटलं.

पण काम पुढे सरकलं. मुरल्या झाला. पाखऱ्यानं मोजा हुंगला, शेणाचा वास ओळखला आणि उभा राहिला. कान झाले, पोळी झाली, मांडी झाली. शेवटी शेपटीचं मूळ उरलं. तिथं एक जुनी, खोल बसलेली गोचीड होती. केवळरामनं शेपटी डाव्या हातानं वर धरली, उजव्यानं चिमटा लावला आणि जोर दिला. घामानं आतली ट्यूबची टोपी घसरली. फट् आवाज आला. नख बाहेर.

"फाटला," इश्वर खांबापासून म्हणाला. "फाटला, फाटला. पाटील, पाहा ना, फाटला."

पाटलांनी हात वर केला आणि थांबायला सांगितलं. अंजूनं साबण-पाण्याची बादली पुढे ओढली आणि बापाचा हात धुवून घेतला. अंकुशनं नवा मोजा काढला, हातात धरला, मग खाली पाहून म्हणाला, "काका, हाही फाटेल."

आता बघा. बैल अर्धा झालेला, लोणी-हळद थांबलेली, शेपटीखाली गोचीड तशीच. जोडी अर्धी ठेवून केवळरामच्या घराण्यातलं कोणी कधी मागं सरलं नव्हतं. आणि मागं सरलं तर राहिलेलं काम इश्वर करणार, पुढच्या साली सुरुवातही तोच करणार, हे सांगायला कोणी पंचायत बसवायची गरज नव्हती. इश्वर पाखऱ्याच्या दिशेनं निघालाच होता. पाखऱ्यानं मान वळवून त्याला असं पाहिलं, की तो पुतण्याच्या मागं जाऊन उभा राहिला. पण मोजे काढले नाहीत.

केवळराम उभा. अंगठ्याकडे पाहत होता. मग त्यानं गर्दीत नजर फिरवली.

"कमलेश, नराणी हाय का जवळ?"

कमलेश आमचा न्हावी. उद्या पोळा, दिवसभर गावाच्या दाढ्या करून आला होता, पेटी काखेतच होती. तो पुढे आला, अंगठा हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाला, "इचार करून सांग बरं केवळराम. मी परत लावून देत नाई."

"तुले लावाले कोन सांगून राह्यलं? काप."

कमलेशनं नराणी लावली. घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. त्याला घाम फुटला. म्हणाला, इतकी वर्षं तेल पिऊन हे शिंग झालं आहे, याला सुतार बोलवा. लोक पुढे सरकले. कोणी विळा सुचवला, कोणी कडबा कापायचं यंत्र. तेव्हा ओट्यावरून जानकीबाईनं डब्यातून अडकित्ता काढला आणि पुढे केला.

"घे. सुपारी कापते तं हेही कापन."

कमलेशनं अडकित्त्यात नख धरलं. केवळरामनं डोळे मिटले नाहीत, उलट जवळून पाहिलं. कट्. नख उडालं आणि आवारात पडलं. एक कोंबडी धावत आली, चोच मारली, नीट पाहिलं आणि सोडून गेली. अडकित्ता परत द्यायला कमलेश वळला, तर जानकीबाई म्हणाली, "आता तो मले नको. तुमीच घेऊन जा." कमलेशनं तो केवळरामच्या कमरेला खोचला.

उघडा पडलेला अंगठा गुलाबी आणि मऊ दिसत होता, उकडलेल्या शेंगदाण्यासारखा. केवळरामनं तो पटकन मुठीत लपवला. अंजूनं नवा मोजा उघडून धरला. त्यानं हात घातला. मोजा बसला, अंगठ्यापाशी सुरकुतीसुद्धा पडली नाही.

"आता बसला बरोबर," ती म्हणाली.

"बसला. आता माहे हात इश्वरसारखे दिसून राह्यले," केवळराम म्हणाला आणि शेपटीकडे वळला.

शेवटची गोचीड त्यानं सावकाश काढली आणि बरणीत टाकली. अंकुशनं पुढे होऊन झाकण लावलं, आणि ते लावताना त्यानं डोळे उघडे ठेवले होते, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. मग लोणी-हळद लागली, खांदे शेकले. केवळरामनं दोन्ही बैलांच्या कानाशी जाऊन रिवाजाप्रमाणे सांगितलं, की आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

राहिला नारळ. पाटील नारळ घेऊन पुढे आले. नारळ घ्यायचा तर मोजे काढायला हवेत. अंकुशनं शिकवलं होतं, की मोजा मनगटापासून उलटा करत काढायचा, बाहेरची बाजू आत गेली पाहिजे. केवळरामला ते आठवत होतं, पण घाई झाली. त्यानं बोटांचं टोक धरून ओढलं. रबर लांब झालं, आणखी लांब झालं आणि सुटलं. मोजा हवेतून गेला आणि लक्ष्मणरावांच्या गळ्याशी चिकटला.

पाटील मागच्या मागं सरकले. मागं उकिरडा होता. त्यात ते घोट्यापर्यंत गेले, पण नारळ सोडला नाही. मोजा काठीनं काढावा लागला. मग त्यांनी तिथूनच हात लांब करून नारळ जमिनीवर ठेवला, मागं झाले आणि म्हणाले, "केवळराम, हा तुझा मान. उचल."

केवळरामनं वाकून उचलला. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. तृप्ती मॅडमनीही वाजवल्या, जरा उशिरानं. इश्वरच्या पुतण्यानं चुकून त्याच क्षणाचा फोटो काढला. फोटोत पाटील उकिरड्यात आणि नारळ केवळरामच्या हातात.

घरी येऊन केवळराम ओट्यावर बसला. नारळ मांडीवर घेतला आणि शेंडीत अंगठा खुपसून सालपट ओढायला गेला. सालपट हललं नाही. अंगठा मात्र दुखला. त्यानं तो तोंडात घातला, मग आठवण होऊन पटकन बाहेर काढला.

"अंजूची माय, कोयता दे," तो म्हणाला.

गोदावरीबाई आतून म्हणाली, "पयले हात धुवा. साबणानं. कोपरापर्यंत."

"धुतले नं तिकडं. अंजूनं धुऊन देल्ले."

"तिकडं अंजूनं देल्ले. इकडं मी सांगून राह्यली. अन् तो अडकित्ता घरात आनाचा नाई."

केवळरामनं नारळ ओट्यावर ठेवला, अडकित्ता बाहेरच्या खुंटीला टांगला आणि न्हाणीकडे गेला.